त्या छपरावर कावळा नव्हता

त्या प्रकरणाची सुरुवात आठवली की आजही मला आधी माझंच हसू येतं. निवृत्ती जवळ आली होती. गंगाखेडकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी मोबाइलवर एका बाईंचा फोन आला. "मी वकील बोलतेय. ठरावीक फी घेऊन ऑनलाइन सल्ला देते. तुमच्या हद्दीतल्या एका..." एवढं ऐकलं आणि मी सुरू झालो. त्याच आठवड्यात एका शाळेत सायबर फसवणुकीवर भाषण ठोकून आलो होतो. "ताई, इथं ओटीपी मिळत नाही. हे पोलीस ठाणं आहे." फोन बंद केला आणि हवालदाराकडं ऐटीत पाहिलं.

चहा यायच्या आत ठाण्याचा लँडलाइन वाजला. त्याच बाई. "साहेब, ओटीपी नको. फक्त एक म्हातारा माणूस बघून या."

मग मात्र मी गुमान ऐकलं. आमच्या हद्दीतल्या एका शेतकऱ्यानं व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारलं होतं, वडील वारलेत, मृत्यूचा दाखला नाही, तर जमिनीला वारस म्हणून नाव कसं लावायचं? त्याच्या मागं भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. फोटोशेजारी बारीकसा झरोका. "मी दाखल्याचं समजावून सांगत होते, तेव्हा त्या झरोक्यात एक चेहरा आला. फोटोतलाच. काही बोलला नाही. नुसती मान हलवत होता, नाही, नाही म्हणून."

"भाऊबिऊ असेल," मी म्हणालो.

"असेलही. अशिलाचं बोलणं आम्ही बाहेर सांगत नाही, साहेब. पण आत माणूस कोंडलेला असेल, तर ते गुपित माझ्या फीमध्ये बसत नाही."

स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. गावात पोलीस पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्याला लकवा मारला. वाचा गेली. तवापासून लेकीकडं हाय म्हणत्यात. आमी काय बघितलं न्हाई बा."

घर गावापासून लांब, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात बाभूळ. मुलगा चाळिशीचा, बोलायला मऊ. "लेकीकडंच वारले साहेब. दीड वरीस झालं. तिकडंच उरकलं सगळं." खोलीत उजेड कमी होता. भिंतीवर फोटो, त्याला ताजा हार. फोटोतला म्हातारा सरळ माझ्याकडं बघत होता. माझे हात आपोआप जोडले गेले. अंधारातून काकणं वाजली आणि म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवला, पण लगेच गेली नाही. माझ्यासमोर थांबून राहिली. "माय, चुलीकडं जा तू," मुलगा म्हणाला. ती गेली.

तेवढ्यात भिंतीपलीकडं ठक झालं. थोडं थांबून पुन्हा ठक.

"काय आहे तिकडं?"

"शेरडं हायेत साहेब."

झरोक्यात आता गोणपाट कोंबलेलं होतं. नोकरीभर मी कुणाकुणाची घरं उलटीपालटी केली, पण ज्याच्या फोटोला नुकतेच हात जोडले, त्याच्या घरात झडतीचा शब्द तोंडातून निघेना. पाणी प्यालो आणि बाहेर पडलो.

तो सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. वाटेतल्या प्रत्येक आखाड्याच्या छपरावर पितरांचा घास ठेवलेला, भात, वडा, भजं. त्यावर कावळ्यांची झुंबड. सगळं शिवार कावकाव करत होतं. मी सहज मागं वळून पाहिलं. त्या एका छपरावर पान नव्हतं, घास नव्हता, कावळाही नव्हता. पत्रा नुसता उन्हात चमकत होता. हवालदाराला म्हणालो, "गाडी फिरव."

मुलगा दारातच उभा होता.

"बापाला घास घातला नाहीस?"

"ऱ्हायलं साहेब. घालायलोच आता."

"घाल मग. मी थांबतो."

म्हातारीनं भाकरी आणि भात आणून दिला. मुलगा पान घेऊन अंगणात आला. शेजारच्या छपरांवरचे कावळे गप्प झाले, निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "नाव घे बापाचं आणि ठेव." त्यानं पान उचललं. ओठ हलले, नाव फुटेना. हात असा कापायला लागला की भात सांडला. आणि आतून पुन्हा ते, ठक. ठक.

त्यानं पान खाली ठेवलं. "जित्या माणसाच्या नावानं कसं ठिवू साहेब?"

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत शेरडू एकही नव्हतं. बाजेवर म्हातारा बसला होता, हातात पितळी वाटी. तीच तो भिंतीवर आपटत होता.

जबाबात सगळं आलं. बाप जमीन विकू देत नव्हता. लकव्यानं वाचा गेल्यावर त्याला कोंडून वारला म्हणणं मुलाला सोपं झालं. मी विचारलं, "गंगाखेडला एवढे वकील असताना मोबाइलवर कशाला गेलास?" तो म्हणाला, "तिथले समदे वळखत्यात साहेब. आधी इचारतेत, म्हातारं कुठंय." वकीलबाईंना खरं वाटावं म्हणून फोटोला हारही त्यानंच घातला आणि मोबाइल नेमका झरोक्यासमोर धरला. गुन्हा दाखल झाला. म्हातारा आधी दवाखान्यात, मग खरोखरच लेकीकडं गेला. जमीन त्याच्याच नावावर राहिली. त्या दिवशी घरातून निघताना म्हाताऱ्याला फोटोसमोरून न्यावं लागलं. तो थांबला, चालत्या हातानं हार ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. त्या हाराचं काय करावं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणूस सरकारला फसवतो, वकिलाला फसवतो, पण ज्याची त्याला खरोखर भीती असते, तिथं त्याचा हात कापतो. तपास करणाऱ्यानं ती जागा शोधावी.

हे मी घरी जेवताना जरा रंगवूनच सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं मधेच विचारलं, "म्हातारी पाणी घेऊन आली तवा काकणं वाजली म्हणलात ना?"

"हो. हिरवी होती. हातभर."

"आन् कपाळाला?"

मी आठवून पाहिलं. रुपयाएवढं कुंकू होतं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "म्हातारीनं तर पहिल्यांदाच सांगितलं होतं तुमाला. तुमच्यासमोर उभी ऱ्हाऊन. तुमी फोटोच्या पाया पडत व्हतात."