बंदूक ठाण्यात, लग्न दारात

जोतीराम तात्या आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. अंथुर्ण्यात नुसतं जोतीराम म्हणून विचाराल तर लोक कुठल्या जोतीरामाकडे धाडतील याचा नेम नाही. पण ‘बंदूकवाले तात्या’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा घरापर्यंत आणून सोडील.

बंदूक वडिलांपासूनची, एकनळी. ज्वारीत आणि उसात रानडुकरं घुसतात म्हणून परवाना मिळालेला. आता खरं सांगायचं तर त्या बंदुकीनं एकही डुक्कर पडलेलं मी पाहिलेलं नाही. आवाज झाला की डुकरं तिकडून उठून आमच्या उसात यायची आणि आमची आई तात्यांच्या नावानं बोटं मोडत बसायची. बंदुकीचं खरं काम होतं लग्नात. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, की मांडवाबाहेर तात्यांनी नळी आभाळाकडे करून बार काढायचा आणि मगच ताशा वाजायचा. बार झाला नाही तर लग्न लागलं असं पार बावड्यापर्यंत कुणाला वाटायचं नाही. तात्यांना आवतण असायचं तेच मुळी बंदुकीसकट. डोक्याला फेटा, खांद्यावर बंदूक, आणि चेहऱ्यावर असा रुबाब, की नवरदेवानंही अंग चोरून बाजूला व्हावं. मला या सगळ्याचा मनातून राग यायचा. आमची गाय एकदा त्या आवाजानं दावं तोडून पळाली होती आणि दुसऱ्या दिवशी सणसरच्या बाजूला सापडली होती.

शहाण्णव साली लोकसभेची निवडणूक लागली ती नेमकी लग्नसराईत. नियम आता कडक झाले होते. मतदानाआधी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागल्यावर परत न्यायच्या. तात्यांनी कुरकुरत का होईना, जमा केली. आणि त्याच सुमारास तात्यांच्या धाकट्या लेकीचं, थोरल्या नंदाच्या पाठच्या सुप्रियाचं लग्न जमलं. मुलगा बारामतीला डेअरीत नोकरीला. भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले, एक निवडणुकीच्या ऐन धामधुमीतला आणि एक ज्येष्ठातला. तात्यांनी ज्येष्ठातला धरला, कारण तोवर बंदूक घरी आली असती. पण सुप्रिया अडून बसली.

“त्यांना मागनं रजा मिळत न्हाय तात्या. आधीचाच धरा.”

लेकीपुढं तात्यांचं कधी चाललं नव्हतं. मुहूर्त आधीचा ठरला आणि तात्यांची झोप उडाली. साऱ्या मुलखाच्या लग्नात बार काढणाऱ्या माणसाच्या दारातलं लग्न मुकं लागणार होतं. लोक काय म्हणतील, या एकाच गोष्टीनं त्यांना घेरलं. शेवटी मला बरोबर घेऊन ते ठाण्यात गेले.

“सायब, एका दिसापुरती द्या. बार काढतो आन् सांजच्याला आनून टाकतो.”

फौजदार समजूतदार होते, पण हसले. “तात्या, निवडणुकीचं राहू द्या बाजूला. परवाना डुकरांसाठी आहे का वऱ्हाडासाठी? फटाके लावा.”

येताना एसटीतून फाट्यावर उतरल्यावर तात्या म्हणाले, “फटाकं काय, शाळंतली पोरंबी लावत्यात.”

हळदीच्या दिवशी व्याही आले. चहा घेता घेता ते सहज बोलून गेले, “आमाला ज्येष्ठातला मुहूर्तबी चालला आसता. पोराला रजा कवाबी मिळती. पर तुमच्या पोरीनंच निरोप धाडला, हाच धरा म्हनून.”

तात्यांनी कप तसाच खाली ठेवला आणि तरातरा आत गेले. मी दाराला तोरण बांधत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

“सुप्रे, खोटं बोललीस माझ्याशी? पंचक्रोशीत बापाची शोभा व्हनार, ठावं हाय न्हवं तुला?”

सुप्रिया हळदीच्या अंगानं पाटावर बसली होती. ती घाबरली नाही.

“तात्या, नंदाताईच्या लग्नात तुमी कुठं व्हता?”

“कुठं म्हंजी? मांडवात.”

“मांडवाच्या भायेर व्हता. दोनी हातांत बंदूक. समद्या गावानं ताईवर अक्षता टाकल्या, तुमची एकबी पडली न्हाय. तुमी आत आला तवा माळा घालून झाल्या व्हत्या. ताई अजून रडती त्यापायी.” तिनं हळदीची ओंजळ पुढं केली. “मला बार नगं. मला तुमच्या हातच्या अक्षता पायजेत.”

प्रयागबाई, म्हणजे तात्यांची मालकीण, हळदीची वाटी घेऊन शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “तवा मीबी एकलीच हुबी व्हते.”

तात्या बाहेर येऊन पाण्याच्या टाकीजवळ बसले. मी तांब्या भरून दिला. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाले, “एवढ्या लग्नांस्नी गेलो रं मी. पर माळ पडताना एकबी बघितली न्हाय.”

लग्नाच्या दिवशी ते प्रयागबाईंच्या शेजारी, अगदी बोहल्याला चिकटून उभे राहिले. पहिल्याच मंगलाष्टकाला त्यांनी सगळी मूठ रिकामी केली आणि माझ्याकडे हात पसरला. मी माझ्या अक्षता त्यांना दिल्या. पुढच्या कडव्याला त्याही संपल्या, तेव्हा व्याह्यांच्या घेतल्या. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट बाजूला झाला, माळा पडल्या आणि सवयीनं सगळा मांडव बाहेर बघायला लागला. ताशावाला काड्या उगारून बाराची वाट बघत थांबला होता.

“आता कुनाची वाट बघतोस? वाजीव की!” तात्या ओरडले. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

निकालानंतर बंदूक घरी आली, पण पुढच्या लग्नसराईत बावड्याचं आवतण आलं तेव्हा तात्या मोकळ्या हातानं गेले आणि पुढं बोहल्याजवळ जाऊन उभे राहिले. ते बघून आसपासच्या गावांतल्या परवानावाल्या दोघातिघांनीही लग्नात बंदुका नेणं सोडलं. डुकरांसाठी तात्या आता डबा वाजवतात. डुकरं अजून आमच्याच उसात येतात, पण आईनं बोटं मोडणं सोडलंय.

बावड्याचं ते लग्न झालं त्याच साली एकदा न्हाव्याच्या दुकानात मी पेपर मोठ्यानं वाचत होतो. ऑस्ट्रेलियात सरकारनं कायदा कडक केला, लोकांनी घरातल्या बंदुका आणून दिल्या, सरकारनं त्यांचे पैसे दिले आणि बंदुका मोडीत काढल्या, अशी बातमी होती. दुकानातल्या कुणाला ते पटेना. घरातली बंदूक आपल्या हातानं कोण नेऊन देईल, म्हणून सगळे हसायला लागले.

तात्या खुर्चीत बसले होते, अर्ध्या गालाला साबण लावलेला. डोळे न उघडता म्हणाले, “का न्हाय देनार? तितंबी कुनाची तरी पोरगी शानी निघाली आसंल.”