पडत्या भावातलं पुस्तक

“एकोणपन्नास! दोनशेचं पुस्तक एकोणपन्नासले विकून राह्यले!”

दिग्रसच्या बसस्टँडवर आमचे साडभाऊ मोबाईलमध्ये ओरडत होते. त्या आवाजानं पुसदची उभी गाडी दोन हात मागं सरकली, हे मी आजही शपथेवर सांगतो.

जगात काळजी म्हणून जी काही पिकते, तिची सगळी आवक आधी साडभाऊंच्या दारात उतरते; झाडून उरलेली इतरांच्या वाट्याला. जन्मभर कापसाची अडत केलेला माणूस. मूठभर कापूस नाकाशी धरून शेत कुठलं आणि शेतकऱ्याचा मेव्हणा कोण, दोन्ही सांगायचे. पंगतीत जिलबी वाढली, तरी “काय भावानं बसली?” विचारल्याशिवाय घास घेत नसत. बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, गेली आणि त्यांनी अडत सोडून पुस्तक लिहिलं. ‘कापसाच्या आठवणी आहेत,’ म्हणायचे. पण मधलं एक प्रकरण बायकोवर होतं. तिच्यासमोर जे कधी बोलले नाहीत, ते सगळं तिथं. पुण्यातल्या लेकीनं ते वाचावं, एवढीच इच्छा. ती मोबाईलवरच वाचते, म्हणून ई-पुस्तक. मात्र तिला फुकट पाठवायची तयारी नाही. “फुकटचा माल माणूस ठेवून देते. पैसे मोजले का वाचते.”

प्रकाशक पलीकडून समजावत होता, “काका, किंमत आपण दोनशेच लावली. पण एका ऑनलाइन दुकानानं सेल लावला, तं दुसऱ्याचं मशीन आपोआप भाव खाली आणते.”

“ते समजते मले. एका जिनिंगनं कापसाचा भाव उतरवला का सारेच उतरवतात. पण पोरगी काय म्हणन? बापाचा माल हलका निघाला?”

त्या दिवसापासून साडभाऊंचं अन्न तुटलं. भाव बघता बघता मोबाईलच्या काचेला बोटाएवढा खड्डा पडला. शेवटी त्यांनी अडत्याचा पिढीजात इलाज केला: भाव पडला की माल घरात भरायचा. प्रकाशकाला हुकूम सुटला, “साऱ्या दुकानांतून उचला. भाव चढला का पाठवू.”

“चढन कसा काका? लावणारे आपणच आहो.”

ऐकतो कोण? पुस्तक उचललं गेलं. आणि मग नवीनच धास्ती: लेकीनं त्याआधी घेतलं नसलं तर? विचारायची हिंमत होईना. मीच फोन लावून स्पीकर चालू केला. गाडीला मागं हटवणारा तो आवाज आता मलाही धड ऐकू येत नव्हता.

“पुस्तक वाचलं का वं, बाई?”

लेक अडत्याचीच. सरळ म्हणाली, “फुकटातला नमुना वाचला, बाबा. आई येते तिथंच संपला. मंग भाव पडाची वाट पाहून राह्यली होती, तुम्हीच तं शिकवलं. आज घ्याले गेली, तं दुकानात मालच नाही.”