वाऱ्याचा रकाना

आमच्याकडे प्रेशर कुकर घ्यायचा होता तेव्हा नवऱ्याने एक्सेलची शीट केली होती. शिट्टी, झाकण, हँडल, वॉरंटी, प्रत्येकाला वेगळा रकाना. दोन महिने आम्ही पातेल्यात वरण शिजवलं. त्यामुळे बंदूक घ्यायचं ठरलं तेव्हा हे प्रकरण लवकर उरकणार नाही, याची मला पूर्ण कल्पना होती.

बंदूक हा शब्द आमच्या घरात येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. माझ्या माहेरी, पुण्याला, झुरळ दिसलं तरी शेजारच्या काकांना हाक मारत. नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, तावातावाने बोलणारा, पण माशीला हाताने खिडकीबाहेर सोडणारा. आम्ही कॅनडात, सस्कॅचवन प्रांतातल्या रेजिना शहराच्या बाहेर पाऊण तासावर एक जुनं फार्महाऊस विकत घेतलं, तिथून हे सगळं सुरू झालं. घर एका ऐंशी उलटलेल्या बाईंचं होतं. त्यांचे यजमान वारले होते, गुडघे गेले होते, आणि त्या शहरातल्या सिनियर्स होममध्ये राहायला निघाल्या होत्या. आम्ही दोघं आपसांत त्यांना आजीच म्हणायचो. घराबरोबर यजमानांनी लावलेली सफरचंदाची बारा झाडं आमच्याकडे आली, आणि सात कोंबड्या.

कोंबड्या मात्र आजींनी विकल्या नाहीत. माझ्या हाती सोपवल्या. "ह्यांना बघशील ना?" एवढंच म्हणाल्या. मी दर रविवारी डझनभर अंडी घेऊन त्यांच्याकडे जायला लागले. तिथल्या इवल्याशा किचनेटमध्ये त्या स्वतः दोन अंडी उकडायच्या, एक मला द्यायच्या, आणि मीठ पुढे करत विचारायच्या, "सगळ्याजणी बऱ्या आहेत ना?" सहा तांबड्या आणि एक ठिपक्यांची. ठिपक्यांची त्यांची विशेष लाडकी होती, कारण ती हिरवट अंडी द्यायची आणि कुणाचंच ऐकायची नाही.

पहिला हिवाळा सशांचा गेला. इथे बर्फ साचला की ससे त्यावर उभे राहून सफरचंदाच्या खोडाची साल कुरतडतात. उन्हाळा आला तेव्हा बारातली तीन झाडं वाळलेली होती. मग आम्ही दोघांनी लायसन्सचा कोर्स केला, कुलपाचं कपाट आणलं, आणि नवऱ्याची शीट उघडली गेली.

प्रश्न कॅलिबरचा होता, म्हणजे गोळी केवढ्या जाडीची. रिमफायर घ्यायची हे ठरलेलं होतं. त्यातलं काडतूस लहान असतं, बुडाच्या कडेवर ठोका बसला की उडतं, आणि लहान जनावराला तेवढं पुरतं. पण त्यातही तीन प्रकार. साधी बावीस, आवाजाला कमी, सशाला उत्तम. बावीस मॅग्नम, तीच जाडी, पण काडतूस लांब आणि दणका मोठा. आणि सतरा, सुईसारखी बारीक, तिन्हींत सगळ्यात वेगवान. रोज जेवताना सतरा की बावीस, सतरा की बावीस. पाहुणे आले तर त्यांना वाटायचं आम्ही कुणाच्या तरी लग्नाचं वय ठरवतोय.

"काहून एवढी घाई करून राहिली तू?" नवरा म्हणायचा. "डेटा तर येऊ दे पूर्ण."

"तुझा डेटा येईपर्यंत ससे झाडाचं लोणचं घालतील."

सप्टेंबरात कोल्हा आला आणि शीटला नवीन रकाना जोडावा लागला. भर दुपारी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये लॅपटॉपसमोर बसलेली असताना, त्याने खिडकीसमोरून एक तांबडी उचलून नेली. चार दिवसांनी दुसरी. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, आमचा नव्हता.

त्या रविवारी आजींनी विचारलं, "सगळ्याजणी बऱ्या आहेत ना?" आणि मी म्हणाले, "हो, मजेत आहेत."

हे खोटं बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आमच्यात असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, दूरच्या माणसाला सांगायची नाही, उगाच जिवाला घोर कशाला. त्यालाच आम्ही माया म्हणतो. उरलेल्या भेदरून अंडी कमी द्यायला लागल्या, डझन भरेना, तेव्हा मी दुकानातली तपकिरी अंडी आणली आणि खोक्यात मधूनमधून लावली. हिरवट दोन मात्र वर, दिसतील अशी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं तर हे मी तरी करायला नको होतं. कॅनडात माझं पहिलं वर्ष चालू होतं तेव्हा घरचे फोनवर सांगायचे, बाबा जरा थकलेत, झोपलेत, उद्या बोलतील. त्यांना काय झालंय हे मला कळलं तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दहाव्याला पोचले. भाऊ म्हणाला, "तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही." मी त्याच्यावर ओरडले नाही, रडलेही नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, मी चहा करत राहिले. आणि इतक्या वर्षांनी मीच आजींना दुकानातली अंडी खाऊ घालत होते.

शेवटी शीटने सतराच्या बाजूने कौल दिला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर बोर्डात आल्याचा आनंद होता. क्लबच्या रेंजवर आम्ही गेलो त्या दिवशी पान हलत नव्हतं. सतराने शंभर मीटरवर कागदाला अशी भोकं पाडली की एका नाण्याखाली झाकावीत. "बघ ट्रॅजेक्टरी! गोळी एकदम सरळ, फ्लॅट!" तो म्हणाला. तो कागद त्याने फ्रिजवर लावला.

कोल्ह्याबद्दलचे नियम फोन करून विचारून झाले होते. पुढच्या आठवड्यात तो सकाळीच आला, गुरांसाठी खणलेल्या जुन्या तळ्याच्या काठावर, मागे मातीचा उंच बांध. मारायला यापेक्षा सुरक्षित जागा मिळाली नसती. नवऱ्याने शांतपणे नेम धरला. गोळी कोल्ह्याच्या उजवीकडे बांधात घुसली. कोल्ह्याने त्या जागेकडे असं पाहिलं जणू कुणी खडा मारला, आणि तो निघून गेला. त्या दिवशी आमच्या अंगणातलं वाळत घातलेलं पांघरूण आडवं उडत होतं. इथे ते रोजच उडतं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघी गेल्या. उरल्या तीन.

रविवारी मी आजींकडे गेले ती ताकाला जाऊन भांडं लपवत. मीठ घेतलं, हवापाण्याचं बोलले, मग म्हणाले, "सहज विचारते, तुमच्या वेळी कोल्हे यायचे का हो? म्हणजे... बंदूक कुठली होती तुमच्याकडे?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खोक्यातलं एक तपकिरी अंडं उचललं, अंगठ्याने चोळलं आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. त्या इंग्रजीतच बोलल्या, पण मला आठवतं ते असं.

"हे दुकानातलं आहे. धुतलेलं. गेले चार रविवार दुकानातली खातेय मी. किती उरल्यात?"

"तीन," मी म्हणाले. "ठिपक्यांची आहे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतंच. माझ्या कोंबड्या होत्या." मग म्हणाल्या, "मी म्हातारी झालेय, अजून मेले नाही."

"तुम्हाला कळलं होतं, मग तुम्ही का नाही विचारलंत?"

"तू स्वतःहून सांगशील म्हणून वाट बघत होते," त्या म्हणाल्या. मला भाऊ आठवला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी मात्र मला जास्त वेळ लाजू दिलं नाही. कुठली बंदूक घेतली ते विचारलं. मी सतरा म्हटल्यावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या की दारातून नर्स डोकावून गेली. "सस्कॅचवनमध्ये? अगं, ती चिमूटभर गोळी. वारा तिला शेजारच्या शेतात नेऊन टाकेल." त्यांच्या शेतावर कोल्हे त्याच मारायच्या, यजमानांना ते जमायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. साधी बावीस सशाला ठीक, पण कोल्हा तिने नुसता जखमी होईल आणि कुठेतरी तडफडत मरेल, ते पाप करू नका म्हणाल्या. दोन्हीला एकच हवी तर बावीस मॅग्नम. गोळी जड, वाऱ्याला सहज बधत नाही. अंगणातल्या शेडच्या पलीकडे, म्हणजे लांब असेल तर मारायचा नाही. वारा तोंडावर येत असेल तेव्हाच. "आणि आधी खुराड्याला जाळी लावा, जमिनीत हातभर पुरून. झाडांच्या खोडांनाही. बंदूक सगळ्यात शेवटी."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवऱ्याने शीट उघडली, तेवीस रकाने डावीकडून उजवीकडे पाहिले, आणि चोविसावा जोडून त्यात लिहिलं, वारा.

"आजींनाच पहिले विचारलं असतं तर?" तो म्हणाला.

"मीच खरं लपवलं, मग त्या सांगणार कशा?" मी म्हणाले.

दुकानदाराने सतरा परत घेऊन मॅग्नम दिली. जाळ्या आम्ही दोघांनी मिळून पुरल्या, कंबरडं मोडलं. पण कोल्हा दिवसाढवळ्या येतच राहिला, आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी, वारा तोंडावर असताना, शेडच्या अलीकडे, नवऱ्याने त्याला एका गोळीत पाडलं. हलला नाही. नवऱ्याने बंदूक रिकामी करून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि तो पायरीवर येऊन बसला. मी चहा आणून दिला, तो तसाच राहिला.

"सुंदर होता गं," तो म्हणाला.

त्या क्षणाइतकं प्रेम मला त्याच्याबद्दल क्वचितच वाटलं असेल. मी शेजारी बसून राहिले. दोन दिवसांनी आजींना सगळं जसंच्या तसं सांगितलं, पायरीवर बसण्यापर्यंत. त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. त्याला शीट करू दे."

त्या हिवाळ्यात मॅग्नमने दोन ससे मारले असतील. झाडं वाचवली ती जाळीने. नऊच्या नऊ झाडं टिकली.

फेब्रुवारीत, उणे पस्तीसच्या थंडीत, मी सकाळी खुराड्यात गेले तर ठिपक्यांची बसायच्या दांडीखाली आडवी पडलेली होती. कोल्हा नाही, काही नाही. वय झालं होतं. दोघी तांबड्या तिला खेटून बसल्या होत्या. नवरा म्हणाला, "रविवारी गेल्यावर सांग. आत्ता थंडीत एकट्या असतील त्या." तोही आमच्यातलाच.

मी तिथेच उभं राहून हातमोजा काढला आणि फोन लावला. आजींनी उचलल्याबरोबर सांगितलं, "ठिपक्यांची गेली. आत्ताच बघितलं. झोपेत गेली असावी."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, केलं ते चुकलं.

मग आजी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. थांब जरा, फोन ठेवू नकोस," आणि त्या रडायला लागल्या. मोकळेपणी, नाक ओढत, लहान मुलीसारख्या. मी फोन कानाला धरून खुराड्यात उभी होते, बोटं बधिर झाली होती, आणि माझंही रडू थांबेना. कोंबडीसाठी नव्हतं ते. बाबांसाठी मी त्या सकाळी पहिल्यांदा रडले.