एका मुठीतले दोन ब्रेक

जाफर मुकादम न्हावा शेव्याला कंटेनर उचलणाऱ्या मोठ्या क्रेनवर ऑपरेटर होते. माणूस कमी बोलायचा, कारण कामच तसं. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये पाळीभर एकट्याने बसायचं, पायाखालच्या काचेतून खाली बघायचं आणि दोन हातांत दोन दांड्या धरून काम करायचं. डाव्या हाताची दांडी कंटेनर पुढे-मागे न्यायची, उजव्या हाताची वर-खाली. खालची माणसं त्यांना पिवळ्या हेल्मेटांसारखी दिसायची. त्यातली कित्येक हेल्मेटं त्यांना नावानिशी ओळखायची, पण जाफरभाईंना मात्र त्यांचे चेहरे ठाऊक नव्हते.

एके सकाळी नेरूळच्या घरी दाढी करताना आरशातला चेहरा त्यांना एका बाजूने घसरल्यासारखा वाटला. डाव्या हातातला मग बेसिनमध्ये पडला. तो उचलायला ते गेले, तर हात पुढे गेलाच नाही. बायको इशरत धावत आली. तिने त्यांना "काय झालं" विचारत वेळ घालवला नाही, शेजाऱ्याला गाडी काढायला लावली. अर्धांगाचा झटका होता, इस्पितळात वेळेवर पोचल्यामुळे जीव वाचला. वाचा काही आठवड्यांत परतली. डावा पाय थोडा फरपटत का होईना, चालायला लागला. डावा पंजा मात्र मिटायचा, पण धरून ठेवायचा नाही. त्यात काही दिलं की क्षणभर राहायचं आणि मग आपोआप गळून पडायचं.

बंदरातल्या डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये पुन्हा चढता येणार नाही असं नीट शब्दांत सांगितलं. गेटवरच्या ऑफिसात खुर्ची मिळेल म्हणाले. जाफरभाईंनी विचार करून सांगतो म्हटलं आणि घरी येऊन बसले.

मुलगी अफशा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या धाकामुळे ते रोज सकाळी चालायला निघायचे. सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिथे गंगाराम कोळी जाळी विणत बसलेला असायचा. त्याच्याकडून मुकादमांच्या घरी वर्षानुवर्षं बोंबील आणि निवटे यायचे, पण ते घ्यायला इशरत जायची. जाफरभाईंची आणि त्याची ओळख आता झाली.

एकदा जाफरभाई दम खायला त्याच्या झोपडीला टेकून उभे राहिले, तेव्हा मागच्या फाटक्या जाळ्यांतून त्यांना एक हँडल दिसलं. जाळी बाजूला केली. खाली काळी, उंच, जुनी विलायती सायकल होती. गंज चढलेला, टायर कधीच कुजलेले. पण ब्रेकला केबल नव्हती. हँडलपासून चाकापर्यंत बारीक सळया गेल्या होत्या. सांधे चाचपत त्यांनी उजव्या हाताचं बोट सांगाड्यावरून फिरवलं. एकही तडा नव्हता.

"माज्या बापाची हाय," गंगाराम म्हणाला. "ठान्यापातुर मावरा न्यायचा हिच्यावर. आता कोन चालवतंय? न्या तुमी."

"अशीच?"

"अशीच न्या. हितं खारं पानी खाऊन टाकंल तिला. पन चालवनार कोन?"

"मी."

गंगारामने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात सुई घातली. ते जाफरभाईंना बरं वाटलं.

घरी मात्र बोलणं झालं. अफशा म्हणाली, "अब्बा, सायकल चालवा, मी नाही म्हणत नाही. पण तीनचाकी घेऊ. तोल जायचा प्रश्नच नाही."

"तीनचाकीवर बसून मला कुठे जायचंय?"

"आणि दोनचाकीवर बसून?"

ते म्हणाले, "चालवून बघतो, मग सांगतो."

कोपरखैरण्याला मानसिंग नावाच्या माणसाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकल टेम्पोत घालून तिकडे नेली. मानसिंगने सांगाडा उलटा टांगून सगळं खोललं. जाफरभाई रोज बसने तिथे जायला लागले. उजव्या हाताने नट सोडवायचे, घासायचे, रॉकेलमध्ये बुडवायचे. डाव्या हाताने वस्तू धरता येत नसे म्हणून त्यांनी घरून आणलेल्या पाटाला एक लाकडी चिमटा ठोकला आणि वस्तू त्यात अडकवून काम सुरू केलं. दुकानात गिऱ्हाइकं यायची, गप्पा मारायची. सुरुवातीला जाफरभाई मान खाली घालून घासत राहायचे. हळूहळू त्यांना कोण कुठे राहतो, कोणाची सायकल कशामुळे बिघडते हे कळायला लागलं.

तिथेच सुधीर परचुरे आले. वाशीला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. जुन्या सायकली जमवायच्या आणि होत्या तशाच पुन्हा उभ्या करायच्या हा त्यांचा छंद. टांगलेला सांगाडा पाहून ते देवळात आल्यासारखे चपला काढायच्या बेतातच होते.

"मुकादमसाहेब, याला हात लावू नका," ते म्हणाले. "सळईचे ब्रेक, मूळ मडगार्ड, सगळं शाबूत आहे. नुसतं साफ करा. यात नवीन माल घातलात तर वाटोळं होईल."

"मग मी चालवू कशी?"

"चालवायची कशाला? ही ठेवायची वस्तू आहे. तुम्हाला मी नवी कोरी गिअरची सायकल देतो, ही मला द्या."

"सळईचा ब्रेक दोन हातांनी लागतो," जाफरभाई म्हणाले. "माझा एकच हात चालतो."

परचुऱ्यांनी तेव्हा कुठे त्यांचा डावा हात पाहिला. ते ओशाळले, पण हट्ट सोडला नाही. जाताना म्हणाले, "निदान काढलेलं काही फेकू नका."

जाफरभाईंनी काहीच फेकलं नाही. सळया, मुठी, जुने रबर, सगळं कापडात गुंडाळून ठेवलं. मग त्यांनी आपला बेत मानसिंगला सांगितला. मागच्या चाकात पायाने लागणारा ब्रेक बसवायचा. पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं, हाताचं कामच नाही. हलक्या रिम, नवे टायर आणि नव्या तारा आल्या. मानसिंगने चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढला. चाक हवेत फिरवून जाफरभाईंनी पायडल मागे दाबलं, चाक जागच्या जागी थांबलं. दोघंही खूश झाले.

अफशा म्हणाली होती, "अब्बा, तुमचा डावा पाय मागे असताना दाबायची वेळ आली तर?" त्यांनी ते ऐकून घेतलं होतं आणि सोडून दिलं होतं.

पहिल्यांदा सायकल बाहेर काढली ती जेट्टीच्या रस्त्यावर. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. बसायला त्रास झाला, पण चाकं फिरायला लागल्यावर तोल आपसूक आला. लहानपणी म्हसळ्याच्या घाटात शिकलेलं अंग विसरलं नव्हतं. पुढे जेट्टीकडचा उतार लागला. समोर एक टेम्पो वळत होता. जाफरभाईंनी पायडल उलटं दाबलं, आणि नेमका डावा पाय मागे होता. पायात जोर आलाच नाही. पाय फिरवून उजवा मागे आणेपर्यंत सायकल टेम्पोला टाळून रस्त्याच्या कडेला गेली आणि वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगात शिरली.

लागलं फारसं नाही. गुडघा खरचटला, कपाळाला टेंगूळ आलं. पण जाळ्यांत अडकल्यामुळे त्यांना उठता येईना. गंगाराम आणि आणखी दोघं येऊन त्यांना सोडवत होते तेवढा वेळ ते आभाळाकडे बघत पडून राहिले. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःच्या पायाचा.

घरी इशरतने जखम धुतली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "सायकल भंगारात द्या असं मी सांगणार होते. पण तुम्ही दुकानात जायला लागल्यापासून घरात बोलायला लागलात. म्हणून सांगत नाही. पुढच्या वेळी आधी मला चालवून दाखवायचं, खाली, सोसायटीत. मी पास केलं तर रस्त्यावर."

पडल्याची बातमी मानसिंगमार्फत परचुऱ्यांना कळली. ते घरी आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. आत चाकाच्या मधोमध बसणारे दोन हब होते, पोटातच ब्रेक असलेले, एक पुढच्या चाकाचा, एक मागच्या चाकाचा.

"हे तुमच्या सायकलीच्या वयाचेच आहेत," ते म्हणाले. "तशाच सायकलींना लावायचे. म्हणजे माझ्या मनालाही बोचणार नाही. केबल लावा आणि दोन्ही केबल एकाच मुठीत आणा. तशी मूठ आता मिळते, अपंगांच्या सायकलींसाठी बनवतात." शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर ते गडबडले.

"मिळत असेल तर बरंच," जाफरभाई म्हणाले. "चहा घेणार ना?"

मूठ मागवली. उजव्या हाताने एकदा दाबलं की पुढचा ब्रेक जरा आधी आणि मागचा लगेच, असं मानसिंगला जमवायला सांगितलं. पण त्यात सायकल नाक घासून पडली असती, म्हणून मानसिंगने ते उलटं केलं, आधी मागचा मग पुढचा.

उरला डावा हात. तो हँडलवर राहत नसे, खड्डा आला की निसटायचा. जाफरभाईंना तो पट्ट्याने बांधून टाकायचा होता. अफशाने ते साफ नाकारलं. "पडलात तर हात अडकून मनगट मोडेल." यावर बाप-लेकीची बरीच वादावादी झाली. इशरत शिलाई मशीनवर बसून ऐकत होती. तिने जुनी पर्स काढली, तिच्या झाकणात लोहचुंबकाची बटणं होती, ती उसवली. बाजारातून आणखी जोरदार चुंबक आणले. कातडी हातमोज्याच्या तळव्यात ते शिवले, आणि हँडलच्या डाव्या मुठीवर पत्र्याची पट्टी चढवून घेतली. हात मुठीवर ठेवला की टचकन चिकटायचा. खड्ड्यात सुटायचा नाही, पण पडताना जोराचा झटका बसला की सुटायचा. किती जोराच्या झटक्याला सुटावा यासाठी तिने चुंबक काढले, घातले, पुन्हा काढले. हातमोजा चार वेळा उसवला.

डाव्या पायडलला त्यांनी लाकडी टाच ठोकली आणि टायरच्या ट्यूबची खोबण केली, म्हणजे पाय घसरणार नाही, अडकणारही नाही. जुन्या पितळी दिव्याच्या पोटात एलईडी बसवला. कॅरिअरवर बंदरातून आलेल्या मालाच्या फळ्यांची पेटी आली. रंग मात्र दिला नाही. गंज घासून तेल चोळलं, काळा होता तेवढा ठेवला.

सोसायटीच्या आवारात इशरत खुर्ची टाकून बसली. जाफरभाईंनी फेऱ्या मारल्या. ती मधेच "थांबा" म्हणायची आणि ते किती पुढे जाऊन थांबतात ते बघायची. वॉचमनही बघत होता. बऱ्याच फेऱ्यांनंतर ती उठली, "जा" म्हणाली आणि खुर्ची उचलून घरात गेली.

गंगारामला सायकल दाखवायला ते जेट्टीवर गेले. त्याने ती चहूबाजूंनी पाहिली, पेटी उघडून आत हात घातला. मग लुंगी वर खोचून टांग मारली आणि दिसेनासा झाला. जाफरभाई त्याच्या जागी जाळ्यांजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो घामाघूम होऊन परतला.

"बरेक झकास हाय," तो म्हणाला. "पन ही बापाची नाय वाटत आता."

"परत हवी का?"

"नाय, नाय. तुमचीच हाय ती. बापाच्या सायकलवर मला कदी बसू दिला नवता त्यानं. आज बसलो." आणि मासळीची पिशवी काढून त्याने पेटीत ठेवली.

जाफरभाईंनी गेटवरच्या ऑफिसातली खुर्ची घेतली. तिथे येणाऱ्या ट्रकवाल्यांशी बोलावं लागायचं आणि ते बोलायचे. कामावर बसने जायचे, सायकल संध्याकाळी आणि सुट्टीला. पंजा तसाच राहिला. अफशा दर महिन्याला पकड तपासायची. पकडीच्या जोरात फरक नसायचा, आणि ती त्यांना ते खरंखरं सांगायची.

हिवाळ्यात वाशीला जुन्या सायकलींचं संमेलन भरलं. परचुऱ्यांनी आग्रहाने बोलावलं. जाफरभाई पाम बीच रोडने, कडेकडेने, आपली सायकल चालवत गेले. इतक्या लांब ते पहिल्यांदाच जात होते. मैदानात पोचले तर चकचकीत सायकली टेम्पोंतून, गाड्यांवरून उतरत होत्या. लोक त्या कापडाने पुसत होते. एका परीक्षकाने जाफरभाईंच्या हँडलवरची मूठ पाहून मान हलवली. म्हणाले, "ही स्पर्धेत बसणार नाही. मूळ राहिली नाही."

"बसवायची नाहीच," परचुरे मधे पडले. "ते चालवत आलेत नेरूळहून. इथे दुसरं कोण आलंय?"

परीक्षक हसले आणि पुढच्या सायकलीकडे गेले. जाफरभाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी पोहे खाल्ले, दोन-चार सायकलींचे ब्रेक वाकून नीट पाहिले, हातमोज्याबद्दल विचारणाऱ्या एका बाईंना इशरतचा नंबर दिला. ऊन चढायच्या आत निघायला हवं होतं. परतताना वारा समोरून होता आणि खाडीचा वास घेऊन येत होता. सानपाड्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. त्यांनी मूठ दाबली, उजवा पाय टेकला आणि इतर गाड्यांबरोबर हिरव्याची वाट बघत थांबले.