लिंबावरची चार फडकी

आमच्या वस्तीवर एसटी कधी आलीच नाही. करमाडची काळीपिवळी जीप अलीकडच्या गावापर्यंत यायची आणि तिथून ड्रायव्हर आमच्या टेकडीवरचा लिंब बघायचा. ज्याला जायचंय त्यानं पहाटेच लिंबावर फडकं बांधायचं. एक माणूस, एक फडकं. चार दिसली तर गाडी ओढा ओलांडून वर यायची, नायतर तिथूनच माघारी.

त्या दुष्काळात चार फडकी जमेनात. अर्धी वस्ती शहरात इमारती बांधायला गेलेली, माझे वडीलसुद्धा मुकुंदवाडीला. आणि माझा नर्सिंगचा पहिला दिवस! आली नाहीस तर जागा दुसरीला देऊ, असं शहरातल्या कॉलेजच्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. मी रडकुंडीला आले. माय म्हणाली, "रडतीस काय? तोंड धू." आणि जुनं लुगडं टराटरा फाडून लिंबाला चार फडकी बांधून आली.

गाडी आली. एकटी मी उभी दिसताच ड्रायव्हर भडकला. "बाकीचे कुठंयत?"

मायनं मला आत ढकललं, दोन रिकामे हंडे सीटवर ठेवले आणि त्यांच्या शेजारी स्वतः बसली. "झाले की चार. हे दोघं करमाडला पाणी आणायला चाललेत. माणसाचं भाडं देते त्यांचं."

"मावशी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"व्हय, फिरलंय. चल आता, पोरीला उशीर व्हतोय."

त्याला हसू आवरेना. गाडी सुरू केली बिचाऱ्यानं.

करमाडला माय उतरली, मी पुढं शहरात गेले. पाणी भरून ती कुणाच्या तरी बैलगाडीनं घरी गेली असेल, असंच मी धरून चालले होते. संध्याकाळी करमाडला उतरले तर माय जीपच्या थांब्यावर बसलेली. भरलेल्या हंड्यांवर ओला पदर, आणि तिचे ओठ सुकून पांढरे पडलेले. असा राग आला मला!

"दिवसभर उन्हात इथंच? सकाळीच का नाय गेलीस?"

"मी गेले असते तर तू एकटी राहिली असतीस. एकटीसाठी वर आला असता का तो?"

मला लई वाईट वाटलं. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर हुंदका फुटला.

"रडायचं ते घरी," माय म्हणाली. "आधी हंडे चढव, अन् सांडू नको. उद्या बी जायचंय."