राक्षसाला पहिला क्रमांक

चहा आधी घ्या. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून माझ्याविषयीचा तुमचा आदर थोडा उतरणार आहे, आणि तो रिकाम्या पोटी उतरू नये अशी माझी इच्छा आहे.

यवतच्या अलीकडे आमचे गाव. तिथल्या भजनी मंडळाचा मी गेली कित्येक वर्षे प्रमुख. शिवाय दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत भजनस्पर्धा असली की परीक्षक म्हणून मला बोलावणे ठरलेले. दिवसभर मंडळे ऐकावीत, स्वर, ताल, पाठांतर तपासावे आणि एकाला पहिला क्रमांक द्यावा, यात माझा हातखंडा. ही आत्मस्तुती नव्हे. गुन्ह्याचे मूळ तिथे आहे, म्हणून सांगतो.

माझ्या धाकट्या भावाची नात प्राजक्ता. शिक्रापूरला वाढली आणि पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. एका रविवारी ती आली ती स्वतः रचलेला पहिला खेळ घेऊनच. नाव 'दैत्यदुर्ग'. लोहदंत नावाचा राक्षस गावेच्या गावे गिळतो, आणि आपण तलवार घेऊन त्याच्या सात तटांच्या किल्ल्यात शिरायचे.

"आबा, खेळून बघा आणि खाली अभिप्राय द्या. तिथे तारे असतात, त्यावरून आम्हाला लोकांची आवड कळते. आवड सारखी बदलते हो! गेल्या वर्षी सगळ्यांना उडते घोडे हवे होते, यंदा घोड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. लोक म्हणतील तसा खेळ बदलावा लागतो."

यात मला नवल वाटले नाही. श्रोते पेंगू लागले की शहाणा कीर्तनकार निरूपण आवरतो आणि गोष्ट सुरू करतो. श्रोत्यापुढे ब्रह्मज्ञानालाही थोडे सरकून बसावे लागते.

"आणि आबा," ती हळूच म्हणाली, "तीन महिन्यांत तारे चांगले आले नाहीत, तर साहेब खेळ बंद करणार. माझ्यासकट."

"बाळ, निश्चिंत राहा," मी म्हणालो. "ते आता माझ्याकडे लागले."

या वाक्याने ती घाबरायला हवी होती. पण पोरीचा माझ्यावर विश्वास.

मी खेळलो. सकाळची पूजा आटोपली की पाटावरून उठण्यापूर्वी एक तट जिंकायचा, असा नेमच झाला. लोहदंताची गर्जना अशी की देव्हाऱ्यातली घंटी आपोआप वाजावी! सातव्या दिवशी तो कोसळला, तेव्हा मी देवापुढे खडीसाखर ठेवली आणि अभिप्राय द्यायला बसलो.

समोर पाच तारे ओळीने मांडलेले. आता तुम्हीच सांगा, उत्तम खेळाला परीक्षकाने कोणती जागा द्यावी? पहिलीच ना? पाचवी म्हणजे उत्तेजनार्थ. ती आम्ही ज्यांचा पखवाज मध्येच फुटतो त्यांना देतो.

मी पहिल्या ताऱ्यावर बोट ठेवले. तो उजळला. उरलेले चार मंद राहिले. स्पर्धेत हरलेल्या मंडळांचे चेहरे असेच दिसतात. खाली लिहिले, 'गर्जना ऐकून अंगावर रोमांच उभे राहिले.'

पण एकट्याच्या मताला काय किंमत? एकादशीच्या भजनानंतर मी सगळ्या मंडळाला खेळ दाखवला आणि क्रमांकाची पद्धत समजावून दिली. पद्धत समजावण्यात माझी वाणी किती रसाळ आहे, हे मंडळात कुणालाही विचारा. माझ्यासारखेच बहुतेकांचे फोन नातवांचे होते, त्यामुळे अभिप्रायांखाली नावे नातवांची लागली. आमच्या हौसामावशींनी फोनला बोलून सांगितले, 'तलवार म्हंजी तलवार! काळजाचं पानी झालं.' वर एक तारा. खाली नाव, 'किंग सोन्या'. पखवाज वाजवणारे दामूअण्णा त्यांच्याही पुढे गेले. 'खेळतोय न्हाई, देवळात बसलोय आसं वाटलं.' एक तारा.

पंधरा दिवसांनी खेळाची नवी आवृत्ती आली. लोहदंताची गर्जना गेली होती. बिचारा हळू आवाजात, थांबून थांबून बोलत होता.

"आबा, ह्याला सर्दी झाली का वो?" दामूअण्णांनी विचारले.

आणखी पंधरा दिवसांनी हौसामावशी फणकारत आल्या. "तलवार कुठं गेली म्हनायची? माझ्या हातात कमळ दिलंया! कमळानं काय त्याला वारा घालू?"

मी सर्वांना शांत केले. "लोकांची आवड बदलली असेल. कंपनी तिकडे बघते आहे. आपण पोरीचा धीर सुटू द्यायचा नाही." मग शेजारच्या तीन गावांतल्या भजनी मंडळांना निरोप धाडला. तिथे माझा शब्द कोण मोडणार? त्यांनीही झाडून सगळ्यांनी पहिला क्रमांक दिला.

तिसरी आवृत्ती आली आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. लोहदंत पहिल्या दारातच हात जोडून उभा. कपाळाला बुक्का. 'मी चुकलो' असे म्हणतो. आपण 'क्षमा' लिहिलेले बटण दाबायचे. सातही तट उघडे, आत प्रसाद. खेळ समाप्त. पाटावर नीट मांडी घालेपर्यंत संपला.

"आसा राक्षस आसंल," दामूअण्णा म्हणाले, "तर म्या जावई करून घीन."

त्याच रविवारी प्राजक्ता आली. चेहरा उतरलेला. चहाचा कप हातात तसाच.

"आबा, संपलं बहुतेक. साहेबांनी एक आठवडा दिलाय. लोक एकच तारा देतात हो!"

"एक?" मी आनंदाने ताठ बसलो. "मग पेढे कुठे आहेत?"

तिने कप खाली ठेवला.

"आबा, एक म्हणजे सगळ्यात वाईट."

"वाईट कसा? पहिला म्हणजे पहिला."

"पाच म्हणजे सगळ्यात चांगला. पाचच्या पाच उजळायचे असतात."

मी बोटांवर एक ते पाच मोजून पाहिले.

"आणि वर टोमणे!" ती उसळली. "साहेब म्हणतात, ही पुण्याकडची माणसं, सरळ बोलायची नाहीत. रोमांच उभे राहिले म्हणतात आणि एक तारा देतात. म्हणजे गर्जना सहन होत नाही. मग आम्ही गर्जना काढली. कुणी किंग सोन्या लिहितो, तलवारीनं काळजाचं पाणी झालं. तलवार काढली. कुणी लिहितो, देवळात बसल्यासारखं वाटतं. साहेब म्हणाले, कंटाळा आलाय त्यांना, पण माणसं देवभोळी दिसतात, राक्षसालाच भक्त करा! तेव्हापासून कॉलेजची मुलंही सोडून गेली."

एवढा अचूक अन्वयार्थ माझ्या निरूपणाचा आजवर कुणी लावला नव्हता. कबुली देण्यावाचून मार्ग उरला नाही. मी दिली. तिने ती पुरती ऐकून घेतली, मग फक्त विचारले, "किती मंडळं, आबा?"

"आपले धरून चार."

तिने डोळे मिटले. ती देवाचे नाव घेत असावी, असा माझा समज आहे.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात चारही मंडळे जमली. घरटी एकेक फोन. मी नवी पद्धत समजावून सांगितली, या वेळी प्राजक्ता शेजारी उभी राहून तपासत होती.

"म्हंजी पाचवा नंबर मोठा?" दामूअण्णा विचारात पडले. "आन् म्या पोराला पाचवा आला म्हनून शाळंच्या दारातच बडवला हुता."

तारे बदलले. तेवढ्यात प्राजक्ताच्या साहेबांचा फोन आला. तिने त्यांना दुपारीच सगळे कळवले होते. फोन तिने सभामंडपाच्या मधोमध, सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आजोबा, नमस्कार," साहेब फार अदबीने बोलले. "झालं ते झालं. पण आता मला नेमकं सांगा. ही जी भक्तीची आवृत्ती आहे, क्षमा आणि प्रसादाची, ती तुम्हा मंडळींना मनापासून आवडली असेल तर हीच ठेवतो. नाहीतर काय हवं ते सांगा. तुमच्या उत्तरावर हा खेळ चालवायचा की बंद करायचा ते ठरेल."

प्राजक्ताने माझा सदरा मागून धरला.

पुढे गाभारा. मागे मंडळ. डावीकडे ज्यांना मी दर एकादशीला क्षमा आणि शांती यांवर प्रवचन देतो त्या सगळ्या माताभगिनी. एका बाजूला माझी आजवरची प्रतिष्ठा आणि दुसऱ्या बाजूला पोरीची भाकरी. विचार करायला वेळ हवा होता, पण आतून कुणीतरी आधीच बोलून गेले.

"साहेब, राक्षस परत आणा."



"होता तसाच?" साहेबांनी विचारले.

"तसाच नको. जरा मोठा आणा. आणि एकदा मेला की मेला, असे करू नका. परत उठू द्या."

"आन् तलवार!" हौसामावशी मागून ओरडल्या. "दोन द्या म्हनावं, दोन्ही हाताला!"

"नाकातनं जाळ निघंल का वो?" दामूअण्णा फोनवर वाकले.

मग साऱ्या मंडळाला कंठ फुटला. तेवढ्या एकमुखाने आम्ही कधी अभंग म्हटला नव्हता.

खेळ चालला. कॉलेजची मुले परतली, प्राजक्ताची नोकरी टिकली, आणि लोहदंत आता इतका भयंकर झाला आहे की तिसऱ्या तटापुढे मला जाता येत नाही. परवा ती नवी आवृत्ती घेऊन आली. सुरुवातीच्याच पडद्यावर ज्यांनी ज्यांनी खेळाला हातभार लावला त्यांची नावे येतात. "आबा, तुमचंही घातलंय," ती म्हणाली. मी चष्मा लावला. तालुकाभर माझ्या ओळखीची माणसे आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक नातवाच्या फोनवर आता ठळक अक्षरांत झळकते आहे: 'ह.भ.प. नारायणआबा, विशेष सल्लागार (राक्षस)'.