गर्दीच्या आधी

काल ठाण्यात आमच्या सोसायटीचं लॉन कापत होते. त्या वासासरशी मला बाबांच्या उंचावलेल्या टाचा आठवल्या.

बाबांना ऑफिसातून मोठ्या गोल्फ स्पर्धेचे पास मिळालेले. आम्हा डोंबिवलीकरांना गोल्फमधलं काय कळणार! पण एक खेळाडू इतका पुढे होता की आम्हीही रंगून गेलो. शेवटचा होल उरला तसे बाबा म्हणाले, "आता हाच जिंकणार. चल, गर्दीच्या आधी निघू."

"बाबा, चषक घेताना बघू ना!"

"अरे, उद्या पेपरात येईल."

बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. कुंपणापलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बाबा टाचा उंचावून बघायला लागले. काहीच दिसलं नाही.

आता बाबा नाहीत. हल्ली कुठल्याही कार्यक्रमात मी खुर्च्या उचलल्या जाईपर्यंत बसून राहतो. "अहो, उठा आता," बायको ओरडते. पण मला बाबांच्या वाटचंही बघायचं असतं.